फडताळातले पेपर

श्रावणात आमच्या गोव्यातल्या घरी नुस्तं, म्हणजे मासळी, बंद. ताटात चघळण्यासारखं काही नसलं की मी बातम्या चघळतो. त्यात चवथ तोंडावर आलेली, म्हणून आईने फडताळातले जुने पेपर काढून नवे घालायचं काम माझ्या गळ्यात मारलं. या आठवड्याची टिंगल त्यामुळे तिथेच, स्टुलावर उभ्या उभ्या उरकली.

ताज्या पेपरात मथळा होता, ‘चतुर्थीपूर्वी खड्डे बुजवणार’. तूरडाळीच्या डब्याखालच्या पेपरातही हाच, काना-मात्रेचा फरक नाही. कुठल्या चतुर्थीपूर्वी ते दोन्हीकडे छापलेलं नाही, त्यामुळे कुणाला खोटारडा म्हणायची सोय नाही. बाजूला पावसाचा आकडा. आपण गोंयकार पाऊस इंचात मोजतो आणि शंभर झाले की ‘शंभरी’ म्हणून बॅट उंचावतो. वाळपईचा पाऊस नव्वदीत पोचला की आमच्या काकांना झोप लागत नाही. स्वतःच्या छपराला गळती आहे, पण ते सोडा.

मधल्या कप्प्यात जुलै २०१९ निघाला. काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये उडी मारली तो अंक. मी गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे हा मी जपूनच ठेवायला हवा होता. पक्षांतरबंदीतून सुटायला दोन तृतीयांश लागतात. १५ चे दोन तृतीयांश बरोब्बर १०, बाकी शून्य. सप्टेंबर २०२२ चा पेपर जरा कठीण निघाला. काँग्रेसचे आमदार ११, आणि ११ चे दोन तृतीयांश ७.३३. आता पॉइंट तेहतीस आमदार कुठून आणायचा? म्हणून ८ गेले. अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक धरायचा, हे पोरांना मी याच उदाहरणाने शिकवतो आणि ते कधी विसरत नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. तीन देव साक्षीला. कोर्टात दोन पुरतात.

मग सिनेमाचं पान. अमुक नायिकेचा ‘एअरपोर्ट लूक’. आमचा मावसभाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. नऊ महिने बोटीवर काढून परवा मोपा विमानतळावर उतरला तो अर्धी चड्डी, हातात ड्युटी फ्रीची पिशवी, काखेत कसलीशी गोधडी. फोटो कुणी काढला नाही. टॅक्सीवाले मात्र धावत आले. आणि ते ‘खासगी सोहळे’! २०२४ मध्ये रकुल प्रीत सिंग आणि कीर्ती सुरेश, दोघींनीही लग्नं गोव्यात केली. इतकी खासगी की आम्हां गोंयकारांना ती मुंबईच्या चॅनलवर कळली. माझं लग्न सार्वजनिक होतं. तीनशेंना आमंत्रण, पाचशे पंगतीला, आणि फोटोवाल्याचा रोल जळालेला. त्यामुळे खरी गुप्तता कुणी पाळली ते तुम्हीच ठरवा.

तेवढ्यात आई बघायला आली. खालचा कप्पा सोडून सगळे पेपर जमिनीवर. नायिकेचा फोटो तिने अलगद उलटा करून अंथरला; बिचारीच्या तोंडावर तेलाची किटली नको म्हणे. खड्ड्यांवाला पेपर मी ओढून काढायला गेलो तर तिने माझा हात धरला.

“तो राहू दे रे. अजून चालतो.”