तुम्ही विचारलंत म्हणून : परदेशी पथके उशिराच पोहोचतात, मग उपयोग काय?

मी आपत्ती व्यवस्थापनात काम करतो हे कळताच लोक हमखास विचारतात, की भूकंपानंतर परदेशी पथके येईपर्यंत महत्त्वाचे तास निघून गेलेले असतात, मग या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा उपयोग काय? शंका रास्त आहे. ढिगाऱ्यातून जिवंत निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेजारीपाजारी आणि स्थानिक बचाव दलेच बाहेर काढतात. सहकार्याचा मोठा भाग मात्र आपत्तीच्या कितीतरी आधी पार पडतो आणि तो बातम्यांत दिसत नाही.

मुळात मदत स्वीकारणे हेच अवघड काम आहे. एप्रिल २०१५ मधील भूकंपानंतर काठमांडूच्या एकाच धावपट्टीच्या विमानतळावर विमानांची इतकी गर्दी झाली, की पुढे धावपट्टी खराब होऊन अवजड विमानांना मनाई करावी लागली. श्वानपथके आणि औषधे सीमाशुल्कातून कोण सोडवणार, परदेशी डॉक्टरांना रुग्ण तपासण्याची मुभा कोणत्या कायद्याने मिळणार, कोणते पथक कोणत्या भागात जाणार, हे आधी ठरलेले नसेल, तर पाहुण्यांची व्यवस्था लावतानाच यजमान प्रशासन मेटाकुटीला येते.

१९८५ मध्ये मेक्सिकोत आणि १९८८ मध्ये आर्मेनियात झालेल्या भूकंपांच्या वेळी मदतीला गेलेल्या पथकांच्या अनुभवातून १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ‘इन्साराग’ हा शोध आणि बचाव कार्यासाठीचा सल्लागार गट स्थापन झाला. त्याच्या कसोटीनुसार ‘हेवी’ दर्जाच्या पथकाला दोन ठिकाणी एकाच वेळी, दिवसरात्र, दहा दिवस काम करता आले पाहिजे; अन्न, पाणी, तंबू सारे स्वतःचे हवे. शोध झालेल्या इमारतीवर रंगाने चौकट आखून तीत पथकाचा संकेतांक, शोधाची पातळी आणि तारीख लिहितात, त्यामुळे मागाहून आलेले पथक, मग ते कोणत्याही देशाचे असो, तेच काम पहिल्यापासून करत बसत नाही. (कित्येक संयुक्त जाहीरनाम्यांपेक्षा मला ही चौकट अधिक मोलाची वाटते.) शिवाय या दर्जाची तयारी करणाऱ्या देशाचे पथक सर्वप्रथम त्याच्याच नागरिकांच्या उपयोगी पडते.

पूर्वसूचनेचेही तसेच आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी हवाईतील त्सुनामी इशारा केंद्राला सुमात्राजवळच्या भूकंपाची नोंद मिळाली होती, श्रीलंकेपर्यंत त्सुनामीची लाट पोहोचायला सुमारे दोन तास लागले, पण हिंदी महासागराच्या किनाऱ्यांना सावध करणारी यंत्रणाच नव्हती. २०११ पासून या महासागराच्या काठच्या देशांना भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया त्सुनामीचे इशारे देतात.

तरीही इशारा शेवटच्या घरापर्यंत नेण्याचे काम ज्या त्या देशालाच करावे लागते, आणि त्यासाठी मी नेहमी बांगलादेशाचे उदाहरण देतो. १९७० च्या चक्रीवादळात तेथे किमान ३ लाख माणसे गेली. १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मदतीने स्वयंसेवकांची योजना सुरू झाली आणि १९७३ मध्ये सरकार तिच्या खर्चात व चालवण्यात सहभागी झाले. आज तिचे ७०,००० हून अधिक स्वयंसेवक संकटाच्या पातळीप्रमाणे एक, दोन किंवा तीन निशाणे चढवतात, कर्णे घेऊन वस्त्यांतून फिरतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवाऱ्यात नेतात. १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,००० बळी गेले, तर २००७ च्या ‘सिद्र’मध्ये सुमारे ३,४००. दोन्ही वादळे सारखी नव्हती आणि श्रेयाचा मोठा वाटा नव्या निवाऱ्यांनाही जातो. पण ही घट घडवण्यात बाहेरून आलेल्या बचाव पथकांचा हात नव्हता.