नदी किती वाजता वाढते?

कर्नाटकात दांडेलीजवळ गणेशगुडीला काळी नदीच्या काठी राहायला जाणार असाल तर फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. गरम पाणी, एसी, वायफाय सगळं नंतर. "तुमच्याकडं नदी किती वाजता वाढते?" याचं उत्तर जो माणूस अडखळत देतो, त्याच्याकडं पोराबाळांना घेऊन जाऊ नका.

मी हे अनुभवानं सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिथंच एका मोठ्या रिसॉर्टवर उतरलो होतो. दगडांच्या मधून पाणी खळखळतं तिथं बसायचं, त्याला सगळे 'जकुझी' म्हणतात. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. पात्रातल्या एका सपाट दगडावर बसून पाय हलवत होता आणि आम्ही काठावर पोहे खात होतो. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. मी मान खाली घालून लिंबू पिळलं, वर बघितलं तर दगडाची कड दिसेना. यांनी कमरेइतक्या पाण्यातून जाऊन त्याला उचलून आणलं. चपला गेल्या, त्याचं काही नाही. पण तिथला माणूस म्हणाला, "रोज असंच होतंय की." रोज होतं, तर आदल्या रात्री सांगायला काय झालं होतं?

कारण साधं आहे. गणेशगुडीच्या डोक्यावरच सुपा धरण आहे, एकशे एक मीटर उंच. पायथ्याशी पन्नास-पन्नास मेगावॉटच्या दोन मशीन आहेत. विजेची मागणी वाढली की मशीन चालू होतात आणि पाणी खाली सुटतं. मशीन बंद तर नदी दगडांतून वाट काढत जाते, मशीन चालू तर तेच दगड गडप. राफ्टिंग चालतं तेही याच पाण्यावर. म्हणून भर उन्हाळ्यात, मलप्रभा आमच्या खानापुरात गुडघ्याएवढी उरलेली असते तेव्हाही, काळीत लाटा मिळतात. तळातलं पाणी म्हणून गारही तसंच, मे महिन्यातसुद्धा पाय टाकला की अंगावर काटा येतो.

या जानेवारीत परत गेलो ते सासूबाईंना घेऊन. त्यांचं माहेर सुपा भागातलं, आता धरणात गेलेलं. लग्न होऊन त्या खानापुरात आल्या आणि त्यानंतर घरच्यांनी रामनगरला बिऱ्हाड हलवलं. इतकी वर्षं रामनगरच्या पुढं जायचा विषय निघाला की त्या "कशाला गे" म्हणायच्या. या वेळी स्वतःच म्हणाल्या, "पोरगा पाण्यात खेळतोय तिथं मलापण ने की."

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट असं थांबत थांबत गेलो. या खेपेला मुद्दाम लहान होमस्टे शोधला होता. चार खोल्या, कौलारू छप्पर, नदीपासून पन्नासेक पावलं वर. मला हे अंतर फार आवडलं. पाण्याला खेटून बांधलेल्या खोलीत फोटो छान येतात, पण तिथलं मोरीचं पाणी जातं कुठं, हे बघितलं की झोप लागत नाही. इथं घरामागं शोषखड्डा होता आणि त्याच्या कडेला केळी. रात्री अंगणात एकच दिवा, तोही नऊला बंद. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची आमटी आणि मुडलीचे रवा लावून तळलेले काप. मुडली म्हणजे जोयड्याच्या कुणबी लोकांच्या परसातला अळकुडीच्या जातीचा भलामोठा कंद. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि कितीतरी वेळ चावत बसल्या.

होमस्टेच्या पोरानं आल्या आल्या यांना आणि मुलाला काठावर नेलं. एका दगडावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली होती. "पाणी रेघेला लागलं की बाहेर. मी असो नसो, बाहेर. आणि खाली दांडेलीकडं मगरी आहेत, वाहत वाहत कुठंपण जायचं नाही." दुसऱ्या दिवशीची वेळही त्यानं संध्याकाळीच सांगितली, साडेनऊच्या सुमारास. वेळ रोज बदलते, म्हणून राफ्टिंगवाल्यांना विचारून ठेवतो म्हणाला.

संध्याकाळी पुलावर गेलो. तिथून धरणाची भिंत समोर दिसते. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "ह्याच्या मागं पाणी किती वर असंल?" यांनी आकडा सांगितला. त्यांना मीटरचं काही पटेना. "आमच्या देवळाजवळ माड होता. त्याच्यावर किती माड?" यांनी मनात हिशेब केला. "चार तरी." त्या काही बोलल्या नाहीत. परतताना गाडीत आपणहून सांगायला लागल्या. मिरगाला नदी तांबडी व्हायची. दिवाळीनंतर तळ दिसायचा. शिवरात्रीला बायका लुगडं खोचून दगडावरून पलीकडं जायच्या, डोक्यावर टोपली घेऊन. "कुठल्या दगडावर पाय ठेवायचा ते आईनं सांगिटलेलं. तिला तिच्या आईनं."

सकाळी सहाला पंखांच्या आवाजानं जाग आली. धनेश उडतो तेव्हा जुना पंखा सुरू केल्यासारखी घरघर ऐकू येते. समोरच्या उंबरावर सात मलबारी धनेश होते. नर फळ तोडून चोचीच्या टोकात धरायचा, मान झटकून वर उडवायचा आणि मग गिळायचा. प्रत्येक फळाला तेच. चहा गार झाला तरी मी हलले नाही.

आठला सासूबाई काठावर आल्या. रेघेच्या दगडाच्या खालच्या अंगाला बसल्या, पाय पाण्यात. होमस्टेचा पोरगा शेजारी उभा. सव्वानऊला तो म्हणाला, "आज्जी, आता वर." "थांब की रे, बघू दे कसं येतंय ते." त्यानं त्यांचा दंड धरला आणि एक पाऊल वर आणून बसवलं. पाणी आवाज न करता आलं. आधी मधले बारके गोटे गेले, मग शेवाळाचा हिरवा दगड. पाणी बोटांना लागलं तशा त्या उठल्या, पोराचा हात धरून आणखी एक पाऊल वर सरकल्या, पुन्हा बसल्या. रेघ बुडाली तेव्हा त्या वरच्या पायरीवर होत्या आणि पोराला विचारत होत्या, "बंद कधी करतात? उतरताना पण बघायचंय."

दुपारी उतरतं म्हणाला. आम्ही निघायची वेळ पुढं ढकलली.