तुम्ही विचारलंत म्हणून : मालिका विकत घेतात म्हणजे नक्की काय घेतात?

मी बरीच वर्षं मुंबईत एका इंग्रजी मनोरंजन वाहिनीच्या कार्यक्रम-खरेदी विभागात होते, हे कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "ती अमुक मालिका तुम्ही मध्येच का हो बंद केलीत? तीन सीझन दाखवलेत आणि चौथ्याच्या वेळी गायब!" लग्नकार्यात विचारतात, लोकलमध्ये विचारतात. मालिकेचं नाव तेवढं बदलतं. तक्रार रास्त आहे, आणि वाहिनीच्या तक्रार-क्रमांकावर तिचं उत्तर कोणी देत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

मुळात ती मालिका वाहिनीच्या मालकीची कधीच नसते. आपण मंगल कार्यालय घेतो ना, सकाळी सात ते दुपारी चार, बाहेरचा केटरर चालणार नाही, मांडव अमुक फुटांपलीकडे नको, तसाच हा व्यवहार. करारात आधी लिहिलेलं असतं की कोणत्या देशात दाखवायची, किती महिने दाखवायची, किती वेळा दाखवायची आणि कोणत्या भाषेत दाखवायची. धंद्यात यांना टेरिटरी, विंडो, रन आणि लँग्वेज म्हणतात. त्यापुढची बहुतेक पानं काय करायचं नाही याचीच असतात.

'रन' हा प्रकार कळला की वाहिन्यांचं अर्धं वागणं कळतं. समजा अठरा महिन्यांत चार रन मिळाले. एक रन म्हणजे एकदाच दाखवणं असं सहसा नसतं. पहिलं प्रक्षेपण आणि त्यानंतर ठरलेल्या तासांतली पुनःप्रक्षेपणं मिळून एक रन धरतात. त्यामुळे रात्री नऊचा भाग मध्यरात्री पुन्हा लागतो, सकाळी लागतो, दुपारी जेवायच्या वेळी लागतो. लोकांना वाटतं यांच्याकडे नवीन काही नाही. प्रत्यक्षात आमचा शेड्युलिंगवाला एफपीसी, म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक, समोर ठेवून एका रनमधून जेवढे तास निघतील तेवढे काढत असतो. चारही रन वापरून झाले की विंडोचे महिने शिल्लक असले तरी तो भाग दाखवता येत नाही. आणि विंडो संपली की मास्टर, म्हणजे स्टुडिओकडून आलेली मूळ प्रत, परत पाठवायचा किंवा पुसून टाकायचा आणि पुसल्याचं लेखी प्रमाणपत्र द्यायचं. असं प्रमाणपत्र मी पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा वाईट वाटलं होतं. त्या मालिकेची पत्रं येत होती आमच्याकडे.

आता चौथा सीझन. प्रत्येक सीझनचा परवाना वेगळा असतो आणि पैसे डॉलरमध्ये मोजायचे असतात. जाहिराती मात्र रुपयांत विकल्या जातात. 2013च्या मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर 54 रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टअखेर तो 68च्या वर गेला. मालिका तीच, भाग तेवढेच, आणि खर्च चार महिन्यांत पाव पटीने चढला. शिवाय परदेशी कंपनीला रॉयल्टी पाठवताना इथे कर कापावा लागतो. समोरची कंपनी म्हणते, आमच्या हातात ठरलेली रक्कम पूर्ण पडली पाहिजे. मग तो कर वाहिनीने वरून भरायचा. खरेदीच्या वाटाघाटीत मालिकेच्या कथेबद्दल जेवढं बोलणं व्हायचं त्याच्या कितीतरी पट या एका कलमाबद्दल व्हायचं. तुमचा चौथा सीझन बहुतेक अशाच एखाद्या कलमात अडकलेला असतो.

एवढं असूनही अमेरिकन मालिका जगभर परवडतात, आणि त्याचं कारण अमेरिकेतच आहे. तिथली नेटवर्क, म्हणजे देशभर दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्या, मालिका बनवून घेताना स्टुडिओला जी फी देत, ती बहुधा निर्मितीच्या खर्चापेक्षा कमीच असे. उरलेली तूट स्टुडिओ स्वतः सोसायचा, कारण मालिका पुढे स्थानिक केंद्रांना आणि परदेशात विकण्याचा हक्क त्याच्याकडे राहायचा. 1970 मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या प्रसारण-नियामक संस्थेने तर नियमच केला की मोठ्या नेटवर्कनी बाहेरून घेतलेल्या मालिकांच्या पुढच्या विक्रीत वाटा ठेवायचा नाही. 1990च्या दशकात तो नियम गेला, पण तोवर स्टुडिओंची जगभर विकण्याची यंत्रणा घट्ट बसली होती. घरच्या बाजारात बराचसा खर्च निघालेला असतो. परदेशी वाहिनीला आणखी एक प्रत द्यायला जवळजवळ काहीच लागत नाही. तेव्हा किंमत ठरते ती घेणाऱ्याच्या ऐपतीवर. तोच भाग लंडनमध्ये एका भावाने जातो, मुंबईत त्याच्या छोट्याशा अंशाने आणि एखाद्या बेटावरच्या वाहिनीला किरकोळ रकमेत. आपल्या वाहिनीला स्वतः तशी मालिका बनवायची म्हटलं तर एका भागाच्या खर्चात असे कित्येक सीझन घेता येतात. हे गणित एकदा कागदावर मांडून बघितलं की गावोगावच्या पडद्यांवर तीच ती माणसं का दिसतात, ते कळतं.

परदेशी पैशाने मालिका जिवंत राहिल्याचीही उदाहरणं आहेत. 'बेवॉच' ही मालिका एनबीसी या अमेरिकन नेटवर्कने एका सीझननंतर, 1990 मध्ये बंद केली. निर्मात्यांनी परदेशी खरेदीदारांचे आगाऊ पैसे उभे केले आणि 1991 मध्ये ती नेटवर्कशिवाय, थेट केंद्राकेंद्राला विकून परत आणली. पुढची दहा वर्षं ती चालली. म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या नेटवर्कने नाकारलेली मालिका बाहेरच्या प्रेक्षकांच्या जिवावर उभी राहिली.

किंमत ऐपतीवर ठरते म्हटलं, तर ती चढाओढीने कशी फुगते तेही सांगते. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना मी 'डॅलस' या अमेरिकन मालिकेचं लंडन-प्रकरण आवर्जून सांगत असे. ब्रिटनमध्ये ती मालिका बीबीसी दाखवायची, साधारण 29,000 पौंड एका भागाला देऊन. बीबीसी आणि आयटीव्ही, म्हणजे तिथल्या खासगी टीव्ही कंपन्यांचं जाळं, यांच्यात अलिखित समजूत होती की एकाने चालवलेली परदेशी मालिका दुसऱ्याने पळवायची नाही. 1985च्या जानेवारीत आयटीव्हीतल्या थेम्स टेलिव्हिजनने 55,000 पौंडांचा भाव देऊन ती उचलली. गदारोळ झाला तो बीबीसीतच नाही, आयटीव्हीच्या इतर कंपन्यांतही, कारण भाव एकदा जवळजवळ दुप्पट झाला की पुढच्या प्रत्येक मालिकेला विकणारा तोच आकडा धरणार. नियामक संस्थेने दबाव आणला, थेम्सचे व्यवस्थापकीय संचालक ब्रायन काउगिल यांना पद सोडावं लागलं आणि 'डॅलस' बीबीसीकडे परत गेली. गंमत म्हणजे हीच 'डॅलस' जपानमध्ये काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. जगभर चालली म्हणून तुमच्याकडे चालेल, असं विकणारे आजही छातीठोकपणे सांगतात. अशा वेळी जपान आठवावा.

खरेदीचा मुख्य हंगाम मे महिन्यात, लॉस एंजेलिसला. अमेरिकन नेटवर्क न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांसमोर नवीन मालिका मांडतात आणि लगेच जगभरचे खरेदीदार स्टुडिओंच्या आवारात जमून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायलट, म्हणजे मालिकांचे नमुन्याचे पहिले भाग, बघतात. ऑक्टोबरात फ्रान्समध्ये कानला मिपकॉम हा कार्यक्रमांच्या खरेदी-विक्रीचा मेळा भरतो. आमचे वरिष्ठ जाऊन आले की त्यांच्या वहीत प्रत्येक मालिकेपुढे दोन-चार शब्द असत : 'वकील, बरी', 'पोलीस, पुन्हा', 'ही हवीच'. मात्र 'ही हवीच' एकटी मिळत नसे. मोठा स्टुडिओ पॅकेज करतो. चांगली मालिका हवी तर तिच्याबरोबर त्या वर्षाच्या आणखी काही मालिका, जुन्या सिनेमांची एक यादी, सगळं उचला. दुपारी तीनला इंग्रजी वाहिनीवर जे लागतं ते कोण निवडतं, असं तुम्ही विचारता. ते निवडलेलं नसतं, सोबत आलेलं असतं.

कॅनडाची तऱ्हा वेगळीच. तिथल्या घरांत अमेरिकन वाहिन्या केबलवरून दिसतातच, तरी कॅनेडियन वाहिन्या त्याच मालिका घेतात आणि त्याच वेळेला लावतात. नियम असा की दोन्हीकडे एकाच वेळी तोच कार्यक्रम असेल तर केबलवाल्याने अमेरिकन वाहिनीवरही कॅनेडियन वाहिनीचं प्रक्षेपण लावायचं, तिथल्या जाहिरातींसकट. प्रेक्षक कुठेही बटण दाबो, जाहिरातीचा पैसा कॅनडात राहतो. युरोपने 1989 मध्ये दुसरा मार्ग धरला. शक्य असेल तिथे निम्म्याहून जास्त वेळ युरोपीय कार्यक्रमांना द्यायचा, असं कायद्यातच आणलं.

आपल्याकडे दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' रविवारी सकाळी लागायची, पुढे 'डकटेल्स' हिंदीत आली. 1991 मध्ये स्टारने हाँगकाँगहून उपग्रहावरून प्रक्षेपण सुरू केलं आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल', 'सांता बार्बरा' थेट दिवाणखान्यात पोचल्या. मग 2000च्या जुलैत स्टार प्लस 'कौन बनेगा करोडपती' घेऊन पूर्ण हिंदीकडे वळलं आणि इंग्रजी मालिकांना वेगळं, लहान घर मिळालं. लहान घर म्हणजे लहान बजेट. जुने सीझन स्वस्त मिळतात, म्हणून आपल्याला सगळं वर्ष-दोन वर्षं शिळं मिळायचं. हे बदललं ते डाउनलोडमुळे. लोक थांबेनात, चोरून बघू लागले, तेव्हा विकणाऱ्यांना जाग आली. 2016च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा सहावा सीझन हॉटस्टारवर अमेरिकेबरोबरच दिसायला लागला. जे आम्ही वर्षानुवर्षं 'शक्य नाही' असं ऐकत होतो, ते प्रेक्षकांनी असं करून घेतलं.

पडद्यावर जे पोचतं तेही जसंच्या तसं नसतं. सिनेमाच्या फिल्मवर चित्रित झालेली मालिका सेकंदाला 24 चौकटींची. आपली जुनी पाल ही टीव्ही-प्रक्षेपणाची पद्धत 25 चौकटींची. सोपा उपाय म्हणून ती तेवढी वेगाने चालवत. भाग चार टक्क्यांनी आखूड व्हायचा आणि आवाज किंचित चढा. शीर्षकसंगीताचं तर आणखीच. 'हाउस' या मालिकेच्या अमेरिकन प्रक्षेपणात मॅसिव्ह अटॅक या बँडचं संगीत होतं, त्याचे हक्क बाहेर लागू नव्हते म्हणून इतर अनेक देशांत वेगळी धून लावली गेली. लोक मला सांगतात, यूट्यूबवर बघितलं तर सुरुवातच वेगळी! सुरुवात वेगळीच आहे. आणि संवादांतल्या काही शब्दांचा आवाज मध्येच बंद का करता असं म्हणाल, तर केबल टेलिव्हिजनच्या 1994च्या नियमांतली कार्यक्रम-संहिता आम्हाला लागू होती. एक माणूस दिवसभर हेडफोन लावून शब्द टिपत बसायचा. संहिता मोघम आणि दंडाची भीती पक्की, त्यामुळे तो जरुरीपेक्षा जास्तच कापायचा. चांगले संवाद असे गेले, हे मला आजही पटत नाही.

आता ओटीटीवरून मालिका का नाहीशी होते, हा नवा प्रश्न. उत्तर जुनंच आहे. 31 मार्च 2023 ला एचबीओच्या मालिका भारतात हॉटस्टारवरून गेल्या, कारण करार संपला. काही आठवड्यांत त्या जिओसिनेमावर आल्या. मधल्या काळात अर्धी मालिका बघून अडकलेल्या कित्येकांनी मला फोन केले. त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मालिका कोणाची आहे हे शेवटच्या श्रेयनामावलीनंतर येणाऱ्या स्टुडिओच्या बोधचिन्हावरून बघा. त्या स्टुडिओचा सध्या भारतात कोणाशी करार आहे ते शोधा. बहुतेकदा मालिका तिथेच सापडते.

एक गोष्ट मात्र मला कोणी विचारत नाही. मराठीत का नाही? मी हाताळलेल्या बहुतेक करारांत भाषेच्या रकान्यात इंग्रजी आणि हिंदी एवढंच असायचं. डबिंगसाठी स्टुडिओकडून संवाद काढून टाकलेला, फक्त संगीत आणि आवाजांचा ट्रॅक येतो, त्यावर कोणतीही भाषा बसवता येते. खर्च वाहिनीचा. आणि विंडो संपल्यावर तो डब केलेला ट्रॅक बहुधा स्टुडिओकडे जातो. अठरा महिन्यांसाठी एवढा खर्च कोण करणार, असं म्हणून विषय संपायचा. पण तोच ट्रॅक पुढच्या खरेदीदाराला तयार मिळू शकतो, त्यामुळे पहिला खर्च वाया जात नाही, भाषेच्या कामी येतो. लहान मुलांच्या काही वाहिन्यांवर मराठी ऑडिओ निवडता येतो, म्हणजे जमतं. सही होण्याआधी मराठी लिहून घ्या म्हटलं तर विकणारे सहसा अडवत नसत. सहीनंतर मागितली तर वेगळी पुरवणी आणि वेगळे पैसे. या धंद्यात आता असलेली मुलंमुली कधी सल्ला विचारतात, तेव्हा मी हेच सांगते : डबिंगचं पुढे बघता येईल, आधी रकाना भरून घ्या.