यंदाचे अवॉर्ड कुणाला? माझे अंदाज आणि माझी भांडणं

नामांकनं जाहीर व्हायच्या आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बघून सांगितलं. झी मराठी अवॉर्ड्स 2025, सर्वोत्कृष्ट जोडी: समर आणि स्वानंदी. यात डोकं चालवण्यासारखं काहीच नाहीये. 'वीण दोघांतली ही तुटेना' ऑगस्टमध्ये सुरू झाली, सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान एका मालिकेत, त्याच्या नावावर 'तुला पाहते रे', तिच्या नावावर 'होणार सून मी ह्या घरची' आणि 'अग्गंबाई सासूबाई', आता एवढ्या दोघांना चॅनल घरी परत आणतं आणि सोहळ्याच्या रात्री रिकाम्या हाताने पाठवतं असं होईल का? नाही ना. मग झालं.

आता मला ही जोडी आवडते का, तर हो, आवडते, पण बक्षीस मिळण्याशी त्याचा फारसा संबंध नाही हे मला म्हणायचंय. इतकी वर्षं हे सोहळे बघून एक गोष्ट कळलीये की अंदाज बरोबर यायला हवा असेल तर अभिनय बघू नका, टाइमटेबल बघा. कुठली मालिका नवीन आहे, कुणाला प्राइम टाइममध्ये अख्खा तास दिलाय, कुणाचा लग्नाचा ट्रॅक तोंडावर आलाय, कोण निरोप घ्यायच्या बेतात आहे. एवढं कागदावर मांडलं की निम्मी ट्रॉफ्यांची यादी तयार. उरलेली निम्मी लग्नातल्या मानाच्या साड्यांसारखी, कुणी रुसायला नको म्हणून प्रत्येक मालिकेच्या हातात काही ना काही ठेवायचंच.

कारण हे अवॉर्ड चॅनलचेच, मालिका चॅनलच्याच, सूत्रसंचालक चॅनलचेच आणि टाळ्या वाजवणारेही सगळे तिथलेच. स्टार प्रवाहचा 'परिवार पुरस्कार' पण तसाच, तो मार्चच्या आसपास होतो. म्हणजे प्रवाहवरची 'ठरलं तर मग' आणि झीवरची 'लक्ष्मी निवास' या सोहळ्यांत कधी समोरासमोर येणारच नाहीत. प्रेक्षकांची मतं घेतात हे मान्य, आमच्या सासूबाई अगदी मनापासून मत देतात आणि माझ्याकडूनही देऊन घेतात, पण मत कुणाला द्यायचं ती यादी करणारं चॅनलच की हो.

सर्वोत्कृष्ट नायिका. अंदाज: कमळी. विजया बाबरची ही मालिका जूनच्या शेवटी आली, गावातली हुशार मुलगी शिकायला मुंबईत येते, समोर श्रीमंत घरातली अनिका, मधे हृषी सर, गोष्ट कन्नडमधून आलेली आणि शंभर वेळा बघितलेली. तरी चालतेय. विजया बाबर त्यात जीव ओतते, कबड्डी खेळताना खरंच खेळते असं वाटतं (आपल्या मालिकांमध्ये नायिका स्वयंपाक करते तेव्हा कढईत काय आहे हे दिग्दर्शकालाही माहीत नसतं, त्या मानाने हे खूपच). लोकांना ती घरची वाटते आणि मतं अशाच मुलींना पडतात.

पण माझं मत दिव्या पुगावकरला. 'लक्ष्मी निवास' मधली जान्हवी. आता नीट सांगते का ते. स्टार प्रवाहवर 'मुलगी झाली हो' लागायची तेव्हा दिव्या त्यात माऊ होती, माऊला बोलता येत नाही, म्हणजे नायिका असून डायलॉग नाही, रोजच्या मालिकेत, जिथे दारावरची बेल वाजली तरी "कोण आलं असेल बरं या वेळी?" असं मोठ्याने म्हणावं लागतं. तिथे ती पोरगी नुसत्या डोळ्यांवर आणि हातांवर उभी राहिली. आणि आता जान्हवीला सगळं बोलता येतं पण नवऱ्यासमोर बोलायची सोय नाही. जयंत खोलीत आला की तिचे खांदे आधी आखडतात, चेहऱ्यावर हसू नंतर येतं. हा क्रम बघा तुम्ही. मोठमोठ्या नट्या हसू आधी आणतात आणि मग भीती 'दाखवतात'. ज्या बाईने असा नवरा जवळून बघितलाय तिला खांद्यांचं कळतं. मी आणि सासूबाई ते सीन बघताना एकमेकींकडे बघत नाही, एवढंच लिहिते.

जयंत म्हणजे मेघन जाधव. खलनायकाचं बक्षीस त्याला मिळायलाच पाहिजे आणि मला वाटतं मिळेल पण. स्पर्धा एकच, 'देवमाणूस'चा मधला अध्याय जूनमध्ये सुरू झाला आणि किरण गायकवाडचा हात धरणारा कुणी नाही हे मला मान्य आहे, 'लागिरं झालं जी' मधला भैयासाहेब होता तेव्हापासून मान्य आहे. पण देवमाणूस आता तिसऱ्यांदा येतोय. तो हसला की खून होणार हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही कळतं, त्यामुळे भीती कमी आणि मजा जास्त. जयंतचं तसं नाही. तो बायकोवर प्रेम करतो, अतोनात करतो, आणि तेच घाबरवणारं आहे. फक्त लेखकांनी त्याला आता मधेच 'सुधारलेला' करू नये ही हात जोडून विनंती. खलनायक लोकप्रिय झाला की त्याला एक दुःखी बालपण चिकटवतात आणि मग तो बिचारा होतो. असं करू नका हो.

कुटुंबाचं बक्षीस 'लक्ष्मी निवास'ला, त्यात दुमत नाही, रोज रात्री एक तास, माणसंच एवढी की नामांकनात अख्खं स्टेज भरेल. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी. हर्षदाताईंना आपण 'पुढचं पाऊल'मध्ये आक्कासाहेब म्हणून बघितलं, नंतर 'रंग माझा वेगळा'मध्ये सौंदर्या, दोन्हीकडे कडक साडी आणि कडक आवाज. आणि इथे एकदम साधी लक्ष्मी, पदराला हात पुसणारी. पहिले काही आठवडे मला सारखं वाटायचं की आता ही उठून कुणाला तरी सुनावणार, पण नाही. तुषार दळवींचा श्रीनिवास तर अजूनच कमी बोलतो. आयुष्यभर नोकरी करून स्वतःचं घर झालं नाही ही खंत तो माणूस एकदाही रडून न दाखवता खेळतो. पण सर्वोत्कृष्ट नायक म्हटलं की चॅनलला तरुण मुलगा लागतो, त्यामुळे तुषार दळवींना 'सर्वोत्कृष्ट वडील' देतील.

आणि खरं माझं भांडण इथेच आहे. सासू, सून, आई, वडील, जोडी, भावंडं, कुटुंब. झीच्या सोहळ्याला 'उत्सव नात्यांचा' म्हणतात, प्रवाहवाले 'परिवार' म्हणतात. ऐकायला गोड आहे, पण बक्षिसंच नात्यांची असली की मालिकाही तशाच लिहिल्या जाणार ना. जी व्यक्ती कुणाची तरी सासू किंवा सून नाही तिला कथेत काम काय? अविवाहित आत्या, ऑफिसातली मैत्रीण, शेजारचे काका ही सगळी माणसं फक्त बातमी आणून द्यायला येतात. 'पारू'मधली मुग्धा कर्णिकची अहिल्यादेवी किर्लोस्कर घ्या. उद्योग चालवणारी बाई, एवढी ताकदीची भूमिका, पण तिला बक्षीस देताना कुठल्या तरी नात्याच्या कप्प्यात बसवणार. (पारूवरून आठवलं, शरयू सोनावणेने 'पिंकीचा विजय असो' मध्ये पिंकी केली होती, बडबडी, भडक, आणि इथे पारू अगदी खाली मान. दोन्ही जमलंय. हिच्याबद्दल कुणी फार लिहीत नाही म्हणून लिहिलं.)

सासू या विषयावर कविता लाड-मेढेकर यांच्यासाठी एक वेगळी ट्रॉफी काढायला हवी. 'चार दिवस सासूचे' ईटीव्ही मराठीवर 2001 साली सुरू झाली तेव्हा त्या सून होत्या, समोर रोहिणी हट्टंगडी सासू. तीन हजारांवर भाग झाले त्याचे! आणि मग 2023 मध्ये 'तुला शिकवीन चांगलाच धडा' मध्ये त्याच भुवनेश्वरी होऊन सुनेला धडे द्यायला बसल्या. हे असं वर्तुळ पूर्ण करणाऱ्या नट्या किती आहेत?

ज्या बक्षिसाची मी खरी वाट बघते ते सोहळ्यात पटकन उरकतात. पटकथा आणि संवाद. सप्टेंबरात एमी झाले, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीचे पुरस्कार, माझ्या भाच्याने दिवसभर तेच लावलं होतं, 'द पिट'ला ड्रामाचं मिळालं, पंधरा भाग, हॉस्पिटलमधल्या एकाच शिफ्टचा एकेक तास म्हणजे एकेक भाग. 'अॅडोलसन्स' तर चारच भाग, प्रत्येक भाग एका दमात शूट केलेला, आणि त्यातल्या पंधरा वर्षांच्या ओवेन कूपरला एमी. दोन्ही बघितल्या, दोन्ही भारी, वाद नाही. पण भाचा जेव्हा म्हणाला "मामी, तुमच्या सीरियल्समध्ये असं का नसतं" तेव्हा मी त्याला म्हटलं, बाबा, आपल्याकडचा लेखक आठवड्याला सहा भाग देतो, कधी वर एक रविवारचा महाएपिसोड. चार भाग तर आपले गुरुवारपर्यंतच संपतात. त्यात गुरुवारी टीआरपी येणार, आकडा पडला की पुढच्या आठवड्याची गोष्ट बदलणार, नटाची तब्येत बिघडली की कुणाला तरी गावाला पाठवावं लागणार, आणि सण आला की सगळ्यांनी नटून उभं राहायचं, मग गोष्टीत काल कुणी मेलं असलं तरी. एवढं करून शुक्रवारी एखादा सीन असा येतो की कपाटातली साडी घडी करता करता हात थांबतो. त्या माणसाला स्टेजवर वीस सेकंद सुद्धा देत नाहीत. तेवढ्यात नाचाची तयारी.

प्रवाहचं आत्ताच सांगून ठेवते, मार्चला अजून वेळ आहे पण 'ठरलं तर मग' ला मोठं बक्षीस मिळणारच. डिसेंबर 2022 पासून सुरू आहे आणि टीआरपीत बहुतेक वेळा पहिला नंबर. गोष्ट मूळ तमिळ 'रोजा'ची, पण जुई गडकरीची सायली आणि अमित भानुशालीचा अर्जुन आता इतके आपले झालेत की ते कुणाला आठवतही नाही. मधुभाऊंच्या केसने मात्र माझा अंत पाहिला. तारखा तर खऱ्या कोर्टात पण एवढ्या पडत नसतील (पडतात म्हणा). तरी बघितली, कारण पूर्णा आजी. ती भूमिका करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्टमध्ये गेल्या. त्यांचा तो ठसका, नातवावर रागावतानाही लाड लपत नसत, ते दुसऱ्या कुणाला जमेल की नाही माहीत नाही. मार्चच्या सोहळ्यात त्यांच्यासाठी मोठ्या पडद्यावर दोन मिनिटांची चित्रफीत आणि मागे बासरी एवढ्यावर भागवू नये. 'सर्वोत्कृष्ट आजी' असं बक्षीस त्यांच्या नावाने कायमचं सुरू करा की, नात्यांचीच बक्षिसं द्यायची आहेत ना.

विनोदाबद्दल थोडक्यात. 'चला हवा येऊ द्या' जुलैमध्ये परत आलं, यंदा अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालक, म्हणजे 'माझ्या नवऱ्याची बायको' मधला आपला गुरुनाथ, त्याला शनायाशिवाय एवढं मोकळं हसताना बघून बरं वाटतं. पण निलेश साबळे नसलेली हवा मला अजून लागत नाहीये. हसायचं असलं की आमच्या घरी 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'च लागते, सोनी मराठीवर, जुने भाग सुद्धा, समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी सासूबाई हसतात. झीवाले मात्र कथाबाह्य कार्यक्रमाचं बक्षीस हवेलाच देणार, दुसरं आहे कोण?

तर झीचे अंदाज एकदा परत, स्क्रीनशॉट काढणाऱ्यांसाठी: जोडी समर-स्वानंदी, नायिका कमळी, खलनायक जयंत, कुटुंब लक्ष्मी निवास. मालिका कोणती ते अवघड आहे, कमळी की वीण, मी कमळी म्हणते कारण वीणला जोडीचं दिलं की त्यांचं समाधान झालं असं समजतील. नायकाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही, सासूबाई म्हणतात सुबोध भावे, मी म्हणते नितीश चव्हाण, 'लाखात एक आमचा दादा' मधला चार बहिणींचा भाऊ, आणि यावर आमची पैज लागलीये, हरेल तिने दिवाळीच्या चकल्या करायच्या.