अँजिओप्लास्टीनंतर जांघेत आलेली ठोके देणारी गाठ : माझा अनुभव

जांघेतून अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी झाली, घरी आलात, आणि सुई टोचलेल्या जागी हाताला गाठ लागतेय. अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहितेय. मला ती गाठ आली तेव्हा घरात कुणालाच तिचं नाव, स्यूडोअ‍ॅन्युरिझम, माहीत नव्हतं. आता मला त्यातलं बरंच कळलंय आणि ते माझ्यापाशीच राहू नये असं मनापासून वाटतं.

छातीत दुखायला लागल्यावर मुलानं मला मिरजेला नेलं. तासगावकडच्या आम्हा लोकांना मोठ्या आजाराला मिरज ठरलेलीच. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालायचं ठरलं. डॉक्टरांनी आधी मनगटातून प्रयत्न केला. हल्ली बहुतेक ठिकाणी मनगटातूनच करतात, कारण तिथली धमनी कातडीच्या अगदी जवळ असते आणि नंतर दाबून रक्त थांबवणं सोपं जातं. माझी धमनी बारीक, त्यात ती आकसली आणि वायर पुढे सरकेना. मग उजव्या जांघेतून काम झालं. स्टेंट व्यवस्थित बसला. जांघेतली नळी, म्हणजे शीथ, काही तासांनी काढली. वॉर्डातल्या मुलानं अंगाचा सगळा भार टाकून ती जागा बराच वेळ दाबून धरली, वर घट्ट पट्टी बांधली आणि पाय अजिबात वाकवायचा नाही असं बजावलं.

घरी आल्यावर मांडी काळीनिळी पडली. त्याची मला भीती वाटली नाही, कारण डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी सांगितलं होतं की कातडीखाली सांडलेलं रक्त असं पसरतं आणि हळूहळू ओसरतं. पण पुढच्या एकदोन दिवसांत जांघेत दुखायला लागलं. पायरी चढताना कळ यायची, पलंगावरून उठताना हात आपोआप तिथं जायचा. एका रात्री पडल्यापडल्या हात लावला तर खाली घट्टसर गाठ, आणि ती उडत होती. एका हाताची बोटं मी गाठीवर ठेवली आणि दुसऱ्या हाताची गळ्याच्या नाडीवर. दोन्हीकडचे ठोके एकदमच पडत होते. नुसती सूज अशी उडत नाही, एवढं मला तेव्हाच कळलं.

सकाळी जाऊबाई आल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, रक्त साकळलंय. एरंडेल चोळा आणि विटेचा शेक घ्या, उतरेल.’’ त्यांच्या मनात माझं भलंच होतं. पण मुलगा आडवा आला. ‘‘आई, ठोके लागतायत म्हणजे गाठ रक्तवाहिनीशी जोडलेली असणार. चोळायचं नाही, शेकायचं नाही, आत्ता निघायचं,’’ म्हणाला. आम्ही निघालो.

डॉक्टरांनी आधी स्टेथोस्कोप छातीला न लावता जांघेला लावला. गाठीवर त्यांना फुसफुस आवाज ऐकू आला. मग दोन्ही पावलांवरची नाडी पाहिली, घोट्यामागची पाहिली. सिस्टरनी माझ्या उजव्या पावलावर, जिथं नाडी लागली तिथं, बॉलपेननं फुली मारली. नंतर दर थोड्या वेळानं येऊन त्याच फुलीवर बोट ठेवून बघायच्या. पायाकडे रक्त नीट उतरतंय ना, हे पाहण्याची ती रीत. त्या फुलीचा मला मोठा आधार वाटला.

मग कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी. अंधारी खोली, जांघेवर गार जेल. रेडिओलॉजिस्ट बाई समजावून सांगणाऱ्या निघाल्या. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, ‘‘काकू, हे बघा.’’ पडद्यावर एक गोल होता, अर्धा लाल, अर्धा निळा, आणि दोन्ही रंग एकमेकांभोवती फिरत होते. गोलातून एक बारीक वाट खालच्या मोठ्या धमनीला जाऊन मिळत होती. हृदयाचा ठोका पडला की त्या वाटेनं रक्त गोलात शिरायचं आणि ठोक्यांच्या मधल्या वेळात उलटं धमनीत परतायचं. मशीनचा आवाजही तसाच, एकदा पुढे एकदा मागे. यालाच स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात.

त्याचं असं आहे. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. नेहमीच्या अ‍ॅन्युरिझममध्ये ही भिंतच दुबळी होऊन तिन्ही थरांसकट फुगते. माझ्या गाठीत भिंत फुगलेलीच नव्हती. सुईचं भोक बुजलं नव्हतं, त्यातून रक्त बाहेर येत होतं, आणि आजूबाजूच्या मांसानं आणि साकळलेल्या रक्ताच्या सालीनं ते तिथल्या तिथं अडवून धरलं होतं. पाटाच्या भरावाला भोक पडून शेजारच्या वावरात डबकं साचावं आणि पाटाला पाणी असेपर्यंत ते डबकंही भरलेलं राहावं, तसा प्रकार. डबक्याला स्वतःचा बांध नसतो, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ते वाढू शकतं, फुटू शकतं, शेजारची नस दाबू शकतं.

हे मलाच का झालं, असं मी विचारलं. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं. जांघेतली मोठी धमनी मांडीच्या हाडाच्या डोक्यावरून जाते. सुई तिथं पडली तर नंतर धमनी हाडावर दाबून धरता येते. सुई थोडी खाली पडली तर मागे हाड नसतं, सगळा दाब मऊ मांसात जिरतो आणि भोक नीट बंद होत नाही. त्यात प्रोसिजरच्या वेळी दिलेलं हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध, आधीपासूनच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वय, स्थूल अंग आणि बाईची जात, यांनी धोका वाढतो. जांघेतून नुसती अँजिओग्राफी झालेल्यांत हे शंभरात दोघांहून कमी जणांना होतं. अँजिओप्लास्टीत शीथ जाड असते आणि औषधंही जास्त, म्हणून तिथं प्रमाण थोडं वाढतं.

माझा गोल 2.8 सेंटिमीटरचा होता. 2 सेंटिमीटरच्या आतला असेल, दुखत नसेल आणि वाढत नसेल, तर पुष्कळदा काही न करता फक्त डॉप्लरवर नजर ठेवतात. आत रक्त साकळून तो आपोआप बंद होतो. पण माझी गाठ मोठी, दुखणारी, आणि मी रक्त पातळ करणाऱ्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन्ही गोळ्यांवर. मग दोन दिवस गोळ्या बंद करून बघू या का, असं माझ्या तोंडून निघालं. डॉक्टर एकदम गंभीर झाले. नवा स्टेंट असताना या गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. जांघेतल्या गाठीपेक्षा तो धोका कितीतरी मोठा. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते: मांडी काळी पडली, गाठ आली म्हणून घरच्या घरी गोळी बंद करायची नाही.

एक मार्ग म्हणजे सोनोग्राफीच्या प्रोबनं ती बारीक वाट दाबून धरायची, दहा-दहा मिनिटं, आत रक्त साकळेपर्यंत. 1991 सालापासून ही पद्धत आहे. पण ती दुखते, वेळ खाते, आणि रक्त पातळ असलेल्यांत बरेचदा फसते. दुसरा मार्ग ऑपरेशन, म्हणजे जांघ उघडून भोकाला टाका घालायचा. गाठ झपाट्यानं वाढत असेल, आत जंतुसंसर्ग असेल, वरची कातडी पातळ किंवा काळी पडली असेल, पाय बधिर किंवा गार पडत असेल, तर तोच करावा लागतो. माझ्या शेजारच्या कॉटवर डायलिसिसच्या एक ताई होत्या. हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर, पुन्हा पुन्हा सुया टोचून त्यांनाही असाच फुगवटा आला होता. कातडी इतकी ताणली होती की चकाकत होती. त्यांना सरळ ऑपरेशनच सांगितलं. आजार एक, पण उपाय दोघींचे वेगळे. म्हणून दुसऱ्याचं ऐकून आपला इलाज ठरवू नये. धमनीच्या आतून भोक झाकणारा, आच्छादित स्टेंट बसवण्याचाही एक मार्ग असतो, पण जांघ सारखी वाकते, त्यामुळे तिथं तो शक्यतो टाळतात.

माझ्यासाठी ठरलं थ्रोम्बिनचं इंजेक्शन. थ्रोम्बिन हे रक्त गोठवणारं द्रव्य आपल्या शरीरातही तयार होतं. रक्तातल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचं जाळं विणून ते गुठळी बनवतं. माझ्या गोळ्या प्लेटलेट्सना आवरतात, पण थ्रोम्बिन थेट फायब्रिनोजेनवर काम करतं, म्हणून गोळ्या चालू असतानाही ते लागू पडतं. शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त जणांना गुण येतो असं सांगितलं. धोकेही सांगितले. औषध वाटेतून निसटून मुख्य धमनीत गेलं तर पायाकडे गुठळी जाऊ शकते. काही थ्रोम्बिन गाईपासून काढलेलं असतं, त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून आधी कधी घेतलंय का हे विचारलं. संमतीपत्रकावर हे सगळं होतं. मुलानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मगच मी सही केली.

प्रत्यक्ष काम बघता बघता झालं. जागा बधिर करायचं इंजेक्शन, मग सोनोग्राफीत बघत एक बारीक सुई. तिचं टोक रेडिओलॉजिस्ट बाईंनी मुद्दाम त्या वाटेपासून लांब, गोलाच्या पलीकडच्या कडेला नेलं. औषध थेंबाथेंबानं सोडलं. मी पडद्याकडेच बघत होते. फिरणारे लाल-निळे रंग एका बाजूनं विझत गेले, काही सेकंदांत सगळा गोल राखाडी झाला आणि खालची धमनी मात्र पहिल्यासारखी लाल वाहत राहिली. सिस्टरनी लगेच पावलावरच्या फुलीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. माझे डोळे भरून आले.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉप्लर झालं, वाट बंदच होती. गाठ मात्र लगेच जात नाही, हे माहीत असावं. आत साकळलेलं रक्त विरायला कित्येक आठवडे लागतात, तोवर हाताला कडक लागतं. ठोके नाहीत ना आणि आकार वाढत नाही ना, एवढंच बघायचं. जड उचलणं, उकिडवं बसणं काही दिवस बंद होतं. संडासला कमोडची खुर्ची आणली. भाजी निवडायलाही जमिनीवर बसू दिलं नाही.

अँजिओ होऊन घरी आलेल्यांनी रोज अंघोळीच्या वेळी ती जागा हातानं चाचपावी. गाठ उडत असेल, वाढत असेल, दुखणं चढत असेल, पाय गार किंवा बधिर होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉप्लर करायचं का, हे स्वतःहून विचारा. एकाएकी गाठ मोठी झाली, रक्त यायला लागलं किंवा चक्कर आली, तर आडवं व्हायचं, घरच्या कुणीतरी तळहातानं ती जागा जोरात दाबून धरायची आणि 108ला फोन लावायचा. दवाखान्यात पोचेपर्यंत दाब सोडायचा नाही.