आमची वाटचाल : उद्यमनगरातला दोन तुकड्यांचा कीबोर्ड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मूळ काम लेझर कटिंगचं. कीबोर्डकडे वळलो ते डीटीपीवाल्या काकांमुळे. लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, सगळं टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळरचनेत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मनगटं धरायला लागली तेव्हा ते म्हणाले, "हातांची कामं वेगळी, मग कीबोर्ड एकसंध कशाला?"

भागीदार मित्राचा हात टीव्ही दुरुस्तीत तयार झालेला. कॉर्ने या दोन तुकड्यांच्या, ४२ कळांच्या कीबोर्डचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे, त्यावरून त्यानं पहिला जोड उभा केला. स्विच बसवायची प्लेट मी कापली. दीड मिलिमीटर पत्रा, प्रत्येक कळेखालच्या स्विचला १४ मिलिमीटरचा चौकोन. त्यात केसभर जरी सैल झालं तरी कीकॅप, म्हणजे कळेची टोपी, उपसताना स्विच सोबत वर येतो. काकांच्या टेबलावर तो जोड आजही चालतो आहे.

मग नवशिक्यांसाठी किट काढलं, सोबत मराठी माहितीपत्रक. डायोडची (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) काळी रेघ कुठल्या बाजूला, फर्मवेअर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा प्रोग्राम, कसं चढवायचं, सगळं मित्रानं रात्री जागून लिहिलं होतं.

आमच्याकडून किटं नेणाऱ्या एका व्यापाऱ्यानं त्याचीच नक्कल बाजारात आणली. प्लेट सैल. माहितीपत्रक आमचंच, झेरॉक्स मारलेलं, खाली आमचाच फोन नंबर! आणि नेमकं शेवटचं पान गाळलेलं. त्या पानावर ठळक छापलं होतं : यूएसबी चालू असताना दोन भागांमधली केबल काढू नका, घालू नका. केबलची पिन आत सरकताना पुरवठा आणि ग्राउंड क्षणभर एकमेकांना टेकतात आणि कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डचा मेंदू, जळू शकतो. लोकांचे गेले. फोन आम्हाला. "तुमचं किट जळालं" हे ऐकून घेताना मित्राचा चेहरा उतरायचा. ऑर्डरी थांबल्या, तो परत दुरुस्तीच्या दुकानात गेला. व्यापाऱ्यानं साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा काका आपला कीबोर्ड पिशवीत घालून राजारामपुरीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत ओळखीच्या छापखान्यांत फिरले. "हा खरा, बघा दाबून," म्हणायचे. त्या ऑर्डरींवर आम्ही तगलो. पुढची वर्षं कामात गेली. मित्रही परत आला.

पहिल्यांदाच करत असाल तर स्वस्त सोल्डरिंग आयर्न घेऊ नका, तापमान लावता येणारं घ्या. फ्लक्सला, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्याला, कंजूषी नको. आधी सगळे डायोड लावून मल्टिमीटरनं एकेक तपासा, मगच स्विच बसवा. उलटा लागलेला एक डायोड म्हणजे मुकी एक कळ, आणि स्विच बसल्यावर तो काढणं जिवावर येतं. कंट्रोलर थेट बोर्डावर जोडू नका, सॉकेटवर ठेवा. जुन्या मायक्रो यूएसबीवाल्यांचं तोंड उखडतं, म्हणून आम्ही आता टाइप-सी शिवाय किट देतच नाही. नकली किट घेऊन फसलेलेही अजून येतात. त्यांची प्लेट आम्ही बदलून देतो, फक्त पत्र्याचे पैसे घेऊन.