आमची वाटचाल : पत्रिकांकडून प्रॉस्पेक्टसकडे

1998 साली फोंड्यात एका गाळ्यात छापखाना टाकला, तेव्हा कामं ठरलेली होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि जत्रा जवळ आल्या की उत्सवी नाटकांची हँडबिलं. भारतातला पहिला छापखाना 1556 साली आपल्या जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात लागला, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं आणि मग भाव पाडायचं.

पहिलं प्रॉस्पेक्टस, म्हणजे कॉलेजची प्रवेशाची माहितीपुस्तिका, ओळखीतून मिळालं. मजकूर अठरा पानांचा. सेंटर पिन, म्हणजे घडीवर मधोमध पिन, मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. दोन काढा म्हटलं, तर अध्यक्षांचा संदेश, सचिवांचा संदेश, प्राचार्यांचे दोन शब्द, यातलं काय काढणार? शेवटी पानं वीस केली आणि वाढलेल्या दोनांवर जुन्या स्नेहसंमेलनाचे फोटो लावले. फी मात्र शेवटून दुसऱ्या पानावर, आठ पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरात.

गठ्ठे पोचवून मी ऑफिसच्या खिडकीशी बिलाची वाट बघत उभा होतो. वाळपईकडून आलेल्या एका बाईंनी पुस्तिका घेतली आणि थेट मागून उघडली. फीच्या आकड्यावर नखाने खूण करून त्यांनी मुलीला विचारलं, "बस खंय थांबता तें बरयलां?" (बस कुठे थांबते ते लिहिलंय का?) नव्हतं बरयलेलं. वीस पानांत कुठेच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही प्राचार्यांच्या आधी खिडकीवरच्या क्लार्कजवळ तासभर बसतो. जूनमध्ये लोक काय विचारतात ते उतरवून घेतो. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, स्टँडवरून पहिली बस किती वाजता, शेवटचं लेक्चर सुटल्यावर परतीची मिळते का, कुठला विषय कुठल्या विषयाबरोबर घेता येतो, फी एकदम की दोन हप्त्यांत. गोवा विद्यापीठात 2023-24 पासून नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी आली, तेव्हा कॉलेजं परिपत्रकातली वाक्यं जशीच्या तशी पाठवत होती. आम्ही छापलं : तीन वर्षांनी थांबलात तर पदवी, चौथं केलंत तर ऑनर्स. पालकांना तेवढंच हवं होतं.

आमच्या चुकाही झाल्या. एका वर्षी फीच्या तक्त्यातली चौकट अरुंद पडली आणि 4,500 मधलं शेवटचं शून्य खाली सरकून दिसेनासं झालं. प्रूफ मीच पाहिलं होतं. सहाशे प्रतींवर बायको, मी आणि भाचा रात्रभर स्टिकर लावत बसलो. बाहेर पाऊस, आत दमट कागद, स्टिकर चिकटायला तयार नाहीत.

इंटरनेटवरून उचललेली हसरी मुलं आम्ही छापत नाही. यावरून एक कॉलेज सोडून गेलं. प्रयोगशाळेची जुनी स्टुलं दिसली तरी चालतील, मुलगा उद्या त्यांवरच बसणार आहे ना? आता क्यूआर कोडमुळे प्रती कमी निघतात. पण पुस्तिका घरी नेली की शेजारचा बारावीतला पोरगाही ती चाळतो, म्हणून कागदाचं वजन (जाडी) 130 जीएसएमच्या खाली उतरवत नाही.

यंदा एका संस्थेच्या सोळा पानांत बसचं वेळापत्रक पहिल्या पानावर घेतलं. अध्यक्षांनी फोन केला, "अहो, मग माझा फोटो कुठे?" म्हटलं, आठव्या पानावर घालतो, पिनेमुळे पुस्तिका आपसूक तिथेच उघडते. खूश झाले.